दत्त म्हणजे दिलेला

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष शुद्ध पौर्णिमेला प्रदोषकाळी आपण दत्तजन्म करतो. सात दिवसांची पोथी संपलेली असते, मुंबई-पुण्याची मुलेसुना घरी आलेली असतात, ओटीवर चपला मावत नाहीत, नातवंडे पाळण्याभोवती घुटमळत असतात. अशा भरल्या घरात बसून आज एकच शब्द बघू या. रोज शंभरदा तोंडात येतो आणि म्हणूनच त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. तो शब्द म्हणजे ‘दत्त’.

दत्त म्हणजे दिलेला. अत्री ऋषींनी पुत्र मागितला. भगवंत संतुष्ट झाले आणि ‘मी स्वतःलाच तुम्हाला दिले’ असे म्हणाले, म्हणून नाव दत्त. आणि अत्रींचा मुलगा म्हणून आत्रेय. भागवताच्या दुसऱ्या स्कंधात ही गोष्ट आली आहे. आता इतर नावे आठवून पाहा. कुणी मुरारी, कुणी त्रिपुरारी, कुणी गजानन. नाव कुठे पराक्रमावरून पडले, कुठे रूपावरून. आपल्या दैवताचे नाव देण्यावरून पडले आहे. आणि तेही ‘देणारा’ असे नाही बरे का, ‘दिलेला’ असे. देणे होऊन गेले आहे. आता घेणाऱ्याने आपले काय ते बघायचे.

घेणाऱ्याने काय बघायचे? त्यासाठी दुसरा एक शब्द आपल्याकडे आहे, कृतज्ञ. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. या शब्दात गहिवर नाही, डोळ्यांत पाणी नाही, हल्लीचे ‘थँक्यू’ही नाही. नुसते जाणणे आहे. आपल्यासाठी कोणी काय केले हे ठाऊक असणे. त्याच्या उलट कृतघ्न, केलेल्याचा घात करणारा. आपण बहुतेक मंडळी कृतघ्न नसतो हो. इतके वाईट कोणी नाही. आपण मधल्यामध्ये असतो. केलेल्याचा घात करत नाही आणि जाणतही नाही. जेवतो, ढेकर देतो, हात धुऊन अंगणात येतो.

गुरुचरित्र वाचताना एक गोष्ट ध्यानात येते का पाहा. आपली दत्तस्थाने नदीकाठी आहेत. वाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, गाणगापूर भीमा-अमरजेच्या संगमावर, औदुंबर कृष्णेकाठी. पण कथा मात्र किती वेळा चुलीपाशी घडतात! भिक्षेला कोण आले, घरात काय होते, कोणी काय वाढले, कशाची भाजी होती, भांड्यात किती उरले. तत्त्वज्ञान सांगायला कर्दळीवन आहेच, पण श्रीगुरूंचे पाय पुन्हा पुन्हा वळतात ते एखाद्या गरिबाच्या स्वयंपाकघराकडे. बाविसाव्या अध्यायात श्रीमंतांची घरे आमंत्रण देऊन वाट बघत बसलेली असतात आणि श्रीगुरू जातात ते जिच्याकडे वांझ म्हैस आहे त्या बाईच्या दारी.

जन्मकथेपासूनच घ्या. पहिल्या दिवशीच्या वाचनात ती येते. तिन्ही देव अतिथी होऊन अनसूयेच्या दारी आले, अन्न मागितले, आणि वर अट घातली ती आपल्या सर्वांना ठाऊक आहे. अनसूया माता डगमगली नाही. तिच्या पातिव्रत्याच्या बळाने तिन्ही देव तान्ही बाळे झाली आणि तिने त्यांना पाजले, पाळण्यात घातले. कीर्तनात आम्ही पातिव्रत्याचा महिमा रंगवून सांगतो, सांगायलाच हवा. पण दारी अतिथी आला आहे, तो उपाशी जाता कामा नये, एवढ्या एका धर्मातून हा जन्म घडला, हेही त्याच कथेत आहे. ज्याने जग पोसायचे तो एका गृहिणीच्या हातचे प्यायला. आपण पौर्णिमेला ज्या पाळण्याची दोरी ओढतो तो पाळणा अनसूयेच्या घरातला आहे. मग तो हलत असताना आपल्या घरातली अनसूया कुठे असते?

ती आत असते. सहा वाजत आलेले, महानैवेद्याची घाई, पुरण वाटून झालेले, घेवड्याची भाजी फोडणीला टाकलेली. बाहेर टाळ वाजतात, गुलाल उधळला जातो, आणि ती हात पुसत दारातून डोकावते तोवर जन्म होऊन गेलेला असतो! सात दिवस जिने सोवळ्यात स्वयंपाक केला तिला जन्माचे दर्शन नाही. तुम्ही म्हणाल, बुवा, असे चालायचेच. का चालायचे?

आता घेवड्याचे सांगतो. दत्तजयंतीला नैवेद्यात घेवड्याची भाजी का, असे नातवाने विचारले तर आपण ‘देवाला आवडते’ म्हणून मोकळे होतो. त्याला अठरावा अध्याय सांगा. सप्ताहाच्या प्रचलित क्रमात तो दुसऱ्या दिवशी येतो. अमरापुरात एक गरीब ब्राह्मण होता. कोरान्न मागून आणावे आणि कुटुंबाने खावे. ज्या दिवशी काही मिळत नसे त्या दिवशी दारातल्या वेलाच्या घेवड्याच्या शेंगा शिजवायच्या. श्रीगुरू भिक्षेला आले त्या दिवशीही घरात शेंगाच होत्या. त्याच वाढल्या. श्रीगुरू तृप्त झाले, ‘तुझे दारिद्र्य गेले’ म्हणाले, आणि जाता जाता त्यांनी तो वेल मुळापासून तोडून टाकला.

(एक सांगून ठेवतो. बाजारात श्रावणघेवडा म्हणून मिळते ती फरसबी. ती मूळची अमेरिका खंडातली, श्रीगुरूंच्या काळी इकडे नव्हती. पोथीतला घेवडा तो आपला वालाच्या जातीचा, मांडवावर चढणारा. फरसबी केली म्हणून देव रागावेल असे नव्हे, पण मिळाला तर वेलाचा घ्यावा.)

तर वेल तुटला. बायको आणि मुले रडू लागली. साहजिक आहे. उद्याचा घास गेला. या ठिकाणी आम्ही प्रवचनकार एक घाई करतो. लगेच पुढचे सांगून टाकतो की मुळाशी धनाचा हंडा सापडला, म्हणून देव नेतो ते देण्यासाठीच नेतो. श्रोत्यांनाही बरे वाटते. पण ज्या घरात त्या वर्षी कोणी गेले आहे, अशा घरात बसून हे वाक्य इतके सहज बोलू नये असे मला वाटते. प्रत्येक तुटलेल्या वेलाखाली हंडा नसतो. पोथी तसे म्हणतही नाही.

पोथीत क्रम कसा आहे ते बघा. आधी तो ब्राह्मण बायकोला समजावतो. त्या यतीला बोल लावू नकोस, सृष्टीत लहानथोर सगळ्यांना पोसणारा आहे, तो आपल्याला विसरणार नाही, असे सांगतो. हे बोलतो तेव्हा हंडा सापडलेला नाही. घरात दाणा नाही, वेल नाही, मुले रडताहेत, आणि हा माणूस आजवर कोणी पोसले ते आठवतो आहे. मग तो उठतो, तुटलेल्या वेलाचे मूळ काढून जागा साफ करू लागतो, आणि तेव्हा हंडा हाती येतो. त्याचे जाणणे आधी, हंडा नंतर. हंडा सापडला नसता तरी त्याचे आधीचे बोलणे खोटे ठरत नव्हते. म्हणून मी म्हणतो, घेवड्याची भाजी पानात वाढताना हंड्याची आठवण नंतर करा. आधी त्या शेंगांची करा, ज्यांनी कितीतरी उपाशी रात्री तारून नेल्या आणि ज्यांना कोणी कधी नमस्कार केला नसेल.

पाचव्या दिवसाचे वाचन छत्तीस ते अडतीस, तीनच अध्याय. त्यातल्या पहिल्या दोनांत आचारधर्म आहे आणि वाचणाऱ्याचा घसा कोरडा पडतो. प्रातःकाळी उठण्यापासून जेवणापर्यंत गृहस्थाने काय काय करावे, सगळे आहे. पंचमहायज्ञही आपल्या शास्त्राने गृहस्थाला यासाठीच लावून दिले की चूल, जाते, उखळ, केरसुणी आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी त्याच्या हातून नकळत जीव मरतात. घर चालते ते कुणाच्या तरी जिवावर, ही जाणीव आधी. म्हणून देव, ऋषी, पितर, माणसे आणि मुक्या जीवांचा वाटा काढून मग जेवायचे. पानाभोवती चित्राहुती घालतो ती उगाच सवय नव्हे. नातवंडे विचारतात, ‘आजोबा, भात बाहेर का टाकता?’ त्यांना ‘टाकत नाही रे, वाढतो आहे’ असे सांगावे.

आणि या दोन अध्यायांनंतर लगेच अडतिसावा, भास्कर ब्राह्मणाचा. अतिशय गोड कथा आहे. भास्कर गाणगापुरी आला तो तीन माणसांपुरती शिधासामग्री बांधून. श्रीगुरूंना भिक्षा घालायची एवढीच इच्छा. पण तिथे रोज कोणाची ना कोणाची समाराधना असायची आणि यालाही पानावर बसवायचे. असे करता करता तीन महिने गेले. रात्री हा आपले गाठोडे उशाशी घेऊन निजायचा. लोक हसायचे, आला समाराधना घालायला आणि जेवतो लोकांकडे! शेवटी श्रीगुरूंनीच त्याला सांगितले, आज तू स्वयंपाक कर. आणि तीन माणसांच्या त्या अन्नात हजारो जेवले. ब्राह्मण जेवले, त्यांच्या बायकामुले जेवली, मग सगळे गाव बोलावले, कोणी उपाशी राहिले का ते विचारून पाहिले, आणि सर्वांच्या शेवटी भास्कर जेवला. उरलेले अन्न जलचरांना घातले.

चमत्कार आहेच. पण तीन महिन्यांचे काय? भास्कर तीन महिने इतरांच्या पानावर जेवला, हसे सोसले, आणि गाठोडे सोडले नाही. आपण घेतो आहोत हे त्याला रोज ठाऊक होते. घेतल्याची जाण राहावी म्हणून जणू ते गाठोडे उशाशी.

आमच्या पिढीतल्या वडीलधाऱ्यांना यावरून वारांची आठवण येईल. पूर्वी गावाकडून शिकायला आलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. नाही तर माधुकरी. अशा अन्नावर शिकून मोठे झालेले लोक महाराष्ट्रात थोडेथोडके नाहीत. वार लावून शिकलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या घरी मी पुष्कळ वर्षे दत्तजयंतीला जात असे. नैवेद्य दाखवून झाला की ते पाटावर उभे राहत आणि सात आडनावे म्हणत. सोमवारपासून रविवारपर्यंत, त्याच क्रमाने. मग म्हणत, ‘यांच्या घरचे मीठ अंगात आहे.’ त्यांच्या मुलांना ती सात नावे पाठ झाली होती, नातवंडांना झाली होती. त्या सात घरांतली कुणी माणसे आता कुठे असतील कोण जाणे, पण दर मार्गशीर्ष पौर्णिमेला एका घरात त्यांच्या नावाने हात जोडले जात. याला म्हणायचे केलेले जाणणे. त्यांनी कधी मुलांना ‘आमचे उपकार विसरू नका’ म्हटलेले मी ऐकले नाही. स्वतःवरचे उपकार तेवढे मोजून दाखवले.

इथेच आपल्या वयाच्या मंडळींना जरा स्पष्ट सांगायचे आहे. उत्सवाला सगळे जमले की आपली एक तक्रार असते. मुलांना जाण नाही. आम्ही किती केले, यांना किंमत नाही. सून मोबाइल बघते, नातवाला आरती येत नाही. खरे असेल. पण जाण ही मागून मिळत नाही, हो. वसूल करायला गेले की ती ऋणाची वसुली होते. दत्तप्रभूंनी काय केले? भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक तरुण अवधूत भेटतो. परंपरेने त्या अवधूताला दत्तात्रेयच मानले आहे. राजा विचारतो, एवढा आनंद तुला कशाने? अवधूत आपली थोरवी सांगत नाही. आपण कुणाकुणाकडून शिकलो ते मोजू लागतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी... कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, कोळी. चोवीस! ज्याला सगळे जग गुरू म्हणते तो आपल्या गुरूंची यादी सांगत बसतो.

त्या यादीत एक कुमारिका आहे. तिच्याकडे लोकांचे जास्त लक्ष जात नाही. तिला बघायला पाहुणे आलेले, घरचे कोणी नाही, पाहुण्यांसाठी ती आत साळी कांडते आहे, आणि हातातल्या बांगड्या वाजताहेत. आवाज बाहेर गेला तर घरची गरिबी कळेल म्हणून ती एकेक बांगडी उतरवते, शेवटी एकेका हातात एकच उरते. पुष्कळजण राहिले की कलकल, दोघे राहिले तरी बोलणे, म्हणून एकट्याने असावे, असा बोध अवधूताने घेतला. तो साधकासाठी झाला. आपण संसारी माणसे. आपण निदान एवढे तरी बघावे की आत कुणी कांडत होते, आवाज होऊ न देता, आणि अवधूताला ती दिसली. त्याने तिला गुरू म्हटले. आपल्या घरात आत कोण कांडते आहे, आवाज न करता?

एका घरचा दत्तजन्म सांगतो. कृष्णाकाठचे गाव, तीन भावांचे कुटुंब. थोरले गावी, धाकटे दोघे नोकरीनिमित्त शहरांत. थोरल्यांनी पस्तीस-चाळीस वर्षे सप्ताह केलेला. आदल्या वर्षी त्यांची पत्नी वारली, वर्षश्राद्ध होऊन महिनाच झाला होता. घरात आणखी एक विषय घोळत होता, वाडा ठेवायचा की विकायचा. धाकटे त्याच तयारीने आलेले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होते.

जन्माची वेळ झाली. पाळणा सजवलेला, भटजी तयार, पोरांच्या मुठींत गुलाल. थोरले म्हणाले, ‘थांबा.’ आत निरोप गेला, हातातली कामे तशीच ठेवा आणि सगळ्याजणी बाहेर या. गॅस बंद करून सगळ्या आल्या, भांडीवाल्या बाईसुद्धा. मग थोरले बोलले. बोलायची सवय नसलेला माणूस, अडखळत बोलले. ‘माझी इतकी पारायणे झाली, असे लोक म्हणतात. पहाटे चारला उठून माझ्या आंघोळीचे पाणी कोण तापवत होते? सात दिवस मला सोवळ्यातले कोण वाढत होते? मी पाटावर बसून होतो. ती पारायणे तिचीही आहेत, असे आज देवासमोर सांगतो.’ मग घरात पहिल्यापासून कोणी कोणी हा उत्सव वाहिला ती नावे त्यांनी घेतली. आई, काकू, एक विधवा आत्या जिचे नाव तरुण पिढीने कधी ऐकलेच नव्हते. आणि पाळण्याची दोरी त्यांनी सर्वांत धाकट्या सुनेच्या हातात दिली. ती बिचारी गांगरली. हाताला पुरणाचा वास, पदर खोचलेला. तिने दोरी ओढली आणि मग टाळ वाजले.

वाड्याचा विषय दुसऱ्या दिवशी निघालाच. निघायलाच हवा होता. उत्सव म्हणजे वाटणीवर घालायचे पांघरूण नव्हे. पण बोलणी ओटीवर बसून झाली, कुणाचा आवाज चढला नाही, आणि मधूनच धाकटा भाऊ म्हणाला, ‘त्या आत्याचे नाव मला लिहून द्या.’

तेव्हा यंदा एवढे करा. जन्माच्या आधी दोन मिनिटे आतल्यांना बाहेर बोलवा. भाजी थोडी लागली तरी चालेल. ज्यांच्यामुळे हे घर आणि हा उत्सव तुमच्यापर्यंत आला त्यांची नावे मुलांच्या देखत घ्या. गेलेल्यांची घ्या, आणि समोर उभ्या असलेल्यांचीही घ्या, त्यांना संकोच वाटला तरी. महाप्रसादाला वाढप्यांची पंगत शेवटची असते, त्या पंगतीला घरातल्या कर्त्या पुरुषाने वाढावे. करुणात्रिपदी ज्या चालीवर आजोबा म्हणत, ती चाल कुणाला येत असेल तर त्याला पुढे करा, गळा कसाही असो.

परदेशातली मुले फोनवरून दर्शन घेतात. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात होतात. तिकडे नातवंडांची शाळेची घाई असते, तरी दोन मिनिटे थांबतील, थांबवा. नंतर सुंठवड्याची पुडी पाठवालच. पुडीवर नुसते ‘प्रसाद’ लिहू नका. सुंठ कोणी कुटली, खोबरे कोणी किसले, ती नावे लिहा.